वाइनच्या टेस्टिंग नोट्स ऑनलाइन टाकायच्या की वहीतच ठेवायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाइन आवडणाऱ्यांत दोन गट दिसतात. एक गट प्रत्येक बाटलीवर चार ओळी तरी लिहून टाकतो, दुसरा वर्षानुवर्षं सगळं वाचतो पण स्वतः एक अक्षर टाकत नाही. दोन्हीकडून जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. सोपे आधी, वाकडे नंतर. एखादं उत्तर दुसरीकडे दिलं असेल तर तिथला नंबर सांगितलाय, तेच तेच परत टाइप करत बसत नाही.

१. टेस्टिंग नोट म्हणजे नक्की काय? रिव्ह्यूच ना?

जवळचे आहेत पण एक नाहीत. रिव्ह्यू सांगतो घ्या किंवा घेऊ नका. नोट सांगते की ही बाटली, अमुक दिवशी, मला अशी लागली. रंग कसा, वास कसला, आंबटपणा किती, टॅनिनचा तुरटपणा हिरड्यांना किती धरतो, गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते (फिनिश म्हणतात ती), एवढंच. डब्ल्यूएसईटी ही लंडनची संस्था १९६९ पासून वाइन शिकवते, त्यांच्या कोर्सला ठरलेला साचा असतो, आधी दिसणं मग वास मग तोंडातली चव आणि शेवटी निष्कर्ष. ऑनलाइन कोणी इतकं शिस्तीत लिहीत नाही आणि लिहावं असंही नाही, पण साचा डोक्यात असला की काहीतरी राहून जात नाही.

२. लोक नोट्स टाकतात तरी का? पैसे तर मिळत नाहीत.

पहिलं कारण स्वतःची आठवण. वाइन संपली की पुरावा संपतो, लेबलचा फोटो राहतो पण त्यात चव नसते, आणि दोन वर्षांनी तीच बाटली समोर आली की 'ही आपण प्यालो होतो, बरी होती बहुतेक' यापलीकडे काही आठवत नाही. ब्रिटनचे मायकल ब्रॉडबेंट, जे क्रिस्टीज या लिलाव कंपनीच्या वाइन लिलावांचे प्रमुख होते, त्यांनी १९५२ मध्ये छोट्या वहीत नोट्स लिहायला सुरुवात केली आणि पुढे अर्धं शतक उलटून गेलं तरी लिहीत राहिले. तेव्हा लाइक करायला कोणी नव्हतं. सेलरट्रॅकर या वाइन नोट्सच्या साइटचा जन्मही असाच झाला, एरिक लव्हाइन मायक्रोसॉफ्टमध्ये होते, त्यांनी स्वतःच्या बाटल्यांचा हिशोब ठेवायला प्रोग्रॅम लिहिला आणि २००४ मध्ये तो सगळ्यांना खुला केला. म्हणजे आधी स्वतःची सोय, दुसऱ्यांशी शेअर करणं नंतर आलं.

दुसरं कारण मला सगळ्यात पटणारं आहे. समजा तुमच्याकडे एकाच वाइनच्या एकाच व्हिंटेजच्या (म्हणजे द्राक्षं तोडली त्या वर्षाच्या) सहा बाटल्या आहेत. कधी उघडायच्या? क्रिटिकने ती वाइन कोवळी असताना चाखलेली असते, पुष्कळदा तर अजून बॅरलमध्येच असताना, आणि त्यावरून तो अंदाज देतो की अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत प्या. आठ-दहा वर्षांनी तो अंदाज बरोबर आला का हे बघायला तो प्रत्येक वाइनकडे परत येत नाही, त्याच्यापुढे नवीन व्हिंटेजचा ढीग असतो. पण जगात कुठेतरी कोणीतरी गेल्याच आठवड्यात तीच वाइन उघडलेली असते आणि त्याने दोन ओळी लिहिल्या असतील, की अजून घट्ट आहे थांबा, किंवा उतरायला लागली लवकर संपवा, तर तुमच्या सहाही बाटल्या वाचतात. ही माहिती दुसरीकडे कुठे मिळतच नाही.

बाकी कारणं किरकोळ म्हणजे खोटी नव्हेत. लिहायचं म्हटलं की माणूस जरा लक्ष देऊन पितो. घरात कोणालाच वाइनमध्ये रस नसेल तर बोलायला कोणी मिळतं. आणि मिरवायचंही असतं, त्याचं उत्तर ९ मध्ये.

३. मग बहुतेक जण नुसतं वाचतात, टाकत का नाहीत?

हे फक्त वाइनचं नाही. याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन ग्रुप्सबद्दल एक ठोकताळा मांडला होता, शंभरातले ९० नुसतं वाचतात, ९ कधीमधी लिहितात आणि १ जण बहुतेक सगळं लिहितो. आकडे जागेप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात पण चित्र साधारण तेच.

वाइनमध्ये वरून आणखी अडचणी आहेत. एक तर वाइन चार लोकांबरोबर, जेवताना, गप्पा मारताना प्यायली जाते आणि तेव्हा फोन काढून टाइप करत बसणं म्हणजे शेजारच्या माणसाचा अपमानच. दुसऱ्या दिवशी लिहू म्हणून ठेवलं की गेलं. दुसरं, शब्द सापडत नाहीत (४ बघा). तिसरं, हसतील (५). चौथं कारण कोणी उघड बोलत नाही पण मेसेजमध्ये बरेच जण लिहितात, ते १३ मध्ये घेतलंय. आणि एक गट असाही आहे ज्यांना खरंच वाटतं की लिहायची गरज काय, प्यायची होती प्यालो, आवडली. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्यांचं बरोबरच आहे.

४. मला 'चेरी, लेदर, ग्रॅफाइट' असलं काहीच लागत नाही. मी काय लिहिणार?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आधी हे डोक्यातून काढा की लिहिणाऱ्या सगळ्यांना ते सगळं लागतं. काहींना लागतं, काहींना सवयीने सुचतं, आणि काही नुसती पोपटपंची करतात. पण वास अगदीच काल्पनिक असतात असंही नाही. काबर्ने सोव्हिन्यॉंमध्ये ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा वास येतो तो मेथॉक्सीपायरॅझिनमुळे, जुन्या रीसलिंगमध्ये पेट्रोलसारखा येतो तो टीडीएन नावाच्या रेणूमुळे, लोण्याचा वास डायअसिटिलमुळे. शिराझमधला काळ्या मिरीचा वास रोटंडोन नावाच्या रेणूचा आहे हे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं आणि त्याच अभ्यासात असंही दिसलं की साधारण २० टक्के लोकांना हा वास भरपूर प्रमाणात असला तरी येतच नाही. म्हणजे 'मस्त मिरी' असं सगळे लिहीत असतील आणि तुम्हाला शून्य मिरी येत असेल तर तुम्ही अडाणी नाही, तुमच्या नाकात तो एक रिसेप्टर कामाचा नसेल. अशा माणसाने 'मला मिरी आली नाही' असं लिहिलं तर उलट चांगलंच, त्याच्यासारख्या इतरांना कळतं.

शब्द हवे असतील तर डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अ‍ॅन नोबल यांचं अरोमा व्हील बघा, १९८४ सालचं. त्यात आतल्या गोलात मोठे गट आहेत, फळं, फुलं, मसाले, लाकूड, माती वगैरे, आणि बाहेर जाल तसं नेमकं होत जातं. तुम्ही आतल्या गोलात थांबलात तरी चालतं. 'फळाचा वास, पिकलेल्या, लाल' एवढं पुष्कळ झालं. जे फळ आयुष्यात खाल्लं नाही त्याचं नाव नोटमध्ये टाकू नका, दुसऱ्याच्या तोंडचा शब्द लगेच ओळखू येतो.

आणि खरं सांगायचं तर वाचणाऱ्याला फळांची यादी फारशी उपयोगाची नसते. त्याला बाकीच्या गोष्टी हव्या असतात. ही एक नोट बघा:

'उघडल्यावर पहिला अर्धा तास काहीच वास नाही, तोंडात नुसता तुरटपणा. डिकँट करून (दुसऱ्या भांड्यात ओतून) ठेवली, दोन तासांनी मोकळी झाली. ग्लासच्या कडेला रंग विटकरी पडायला लागलाय. आंबटपणा अजून ताजा, फिनिश लांब. उरलेला ग्लास दुसऱ्या दिवशी जास्त आवडला. बाकीच्या बाटल्यांना अजून तीन वर्षं हात लावणार नाही.'

एकाही फळाचं नाव नाही. पण ज्याच्याकडे हीच बाटली पडून आहे त्याला कळलं की घाई करू नको, आणि केलीस तर डिकँट कर. दहा फळं आणि तीन फुलं लिहिलेल्या नोटमधून हे कळत नाही.

५. चुकीचं लिहिलं तर जाणकार लोक हसतील ना?

एखादा हसेलही, नाक मुरडणारे सगळीकडे असतात आणि इथे तर नाकाचंच काम आहे. पण जाणकारांचं स्वतःचं काय आहे ते बघा म्हणजे भीड चेपेल.

बोर्दोमध्ये मोरो, ब्रोशे आणि ड्युबूर्द्यू या तिघांनी एक प्रयोग केला, तो २००१ मध्ये छापून आला. वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना आधी एक व्हाइट आणि एक रेड देऊन वासाचे शब्द लिहायला लावले, मग दुसऱ्या वेळी तीच व्हाइट साधी आणि तीच व्हाइट लाल रंग घालून दिली. रंग बिनवासाचा होता. लाल दिसणाऱ्या ग्लासला त्यांनी रेड वाइनचेच शब्द लावले. (हा किस्सा 'एक्सपर्टना रेड आणि व्हाइट ओळखता येत नाही' असा तिखटमीठ लावून फिरतो, ते खरं नाही. ते विद्यार्थी होते आणि त्यांनी फक्त वास घेतला होता, वाइन तोंडात घेतली नव्हती. तरी मुद्दा उरतोच की डोळे नाकाला फसवतात.)

दुसरं, रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन, न सांगता, इतर वाइन्समध्ये मिसळून तीनदा दिली. २००८ मध्ये निकाल आला. तिन्ही वेळा एकाच मेडलच्या गटात मार्क देणारे परीक्षक फक्त १० टक्क्यांच्या आसपास निघाले. यावरून टेस्टिंग म्हणजे थोतांड असा निष्कर्ष काढणारे असतात, मला तसं वाटत नाही, एका बैठकीत ढीगभर वाइन्स चाखताना जीभ थकतेच. पण ज्यांचं काम हे आहे त्यांचं असं होत असेल तर तुमच्या नोटमध्ये 'चूक' शोधणारा कुठल्या उत्तरपत्रिकेवरून शोधतोय हे त्यालाच विचारा.

चूक होऊ शकते ती दुसऱ्या ठिकाणी. व्हिंटेजचं वर्ष चुकीचं टाकणं, एकाच प्रोड्यूसरच्या दोन वेगळ्या मळ्यांच्या वाइन्समध्ये गोंधळ करणं. ते मात्र नीट बघून लिहा, कारण त्यावर दुसरा माणूस विसंबतो.

६. मार्क द्यायलाच हवेत का?

नाही. अनेक नियमित लिहिणारे देतच नाहीत.

१०० मार्कांची पद्धत अमेरिकन क्रिटिक रॉबर्ट पार्कर यांनी लोकप्रिय केली, त्यांचं न्यूजलेटर १९७८ ला सुरू झालं. त्यात मोजणी ५० पासून सुरू होते म्हणजे ग्लासात आली एवढ्यावर ५० मिळाले, आणि प्रत्यक्षात ८५ च्या खालचं कोणी मनावर घेत नाही. ब्रिटिश क्रिटिक जॅन्सिस रॉबिन्सन २० पैकी देतात. व्हिव्हिनो या अ‍ॅपवर, जे २०१० मध्ये कोपनहेगनमध्ये सुरू झालं, पाच स्टार असतात. या तिन्हींची आपसात सांगड घालायचे तक्ते मिळतात, त्यांच्या नादी लागू नका.

मार्क द्यायचे असतील तर ते इतरांशी जुळवायला नको, स्वतःच्याच आधीच्या मार्कांशी जुळले म्हणजे झालं. मी म्हणेन आधी सहा महिने शब्द लिहा, मार्क नंतर. मार्क दिला की माणूस शब्द लिहायचा आळस करतो, हे सगळीकडे दिसतं, ४.१ स्टार आणि खाली 'नाइस'.

७. आधी दुसऱ्यांच्या नोट्स वाचून मग आपली लिहिली तर चालेल का?

विकत घेण्याआधी वाचा, उघडण्याआधीही वाचा (कधी उघडायची हे कळायला), पण ग्लास हातात आल्यापासून स्वतःची नोट लिहून होईपर्यंत वाचू नका. नाहीतर शेजाऱ्याच्या पेपरात डोकावून लिहिल्यासारखं होतं, उत्तर जुळतं पण तुमचं नसतं.

री ओढणं किती आपोआप होतं याचा एक मोठा प्रयोग आहे, मुचनिक, अराल आणि टेलर यांचा, २०१३ चा, वाइनवर नव्हे तर एका बातम्यांच्या साइटवरच्या कमेंट्सवर. नवीन कमेंटला सुरुवातीलाच एक खोटा प्लस दिला तर तिचं शेवटचं रेटिंग सरासरी २५ टक्क्यांनी वर गेलं. खोटा मायनस दिला तर मात्र लोकांनी तो भरून काढला. म्हणजे कौतुक चिकटतं, टीका तेवढी चिकटत नाही. वाइनच्या नोट्समध्येही हेच वाटतं, पहिल्या दोघांनी 'व्हायोलेट' लिहिलं की पुढच्या सगळ्यांना व्हायोलेट येतं.

किंमत माहीत असण्याचाही असाच परिणाम होतो. २००८ च्या एका अभ्यासात (प्लासमान आणि सहकारी) तीच वाइन जास्त किंमत सांगून दिली तेव्हा लोकांनी ती जास्त आवडली असं सांगितलं आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाशी जोडलेला भाग जास्त सक्रिय दिसला. खोटं बोलत नव्हते, खरंच जास्त आवडली. म्हणून शक्य असेल तेव्हा घरातल्या कोणालातरी बाटली कागदात गुंडाळून ओतायला सांगा.

८. लिहायला लागलं की मजा जाते असं एक मित्र म्हणतो. काही तथ्य आहे का?

आहे, थोडं. मेल्चर आणि स्कूलर यांनी १९९६ मध्ये हे तपासलं. लोकांना एक रेड वाइन चाखायला दिली, मग काहींना तिचं वर्णन लिहायला लावलं आणि काहींना भलतंच काम दिलं, आणि नंतर चार वाइन्समधून पहिली ओळखायला सांगितली. जे फारशी वाइन पीत नव्हते त्यांना फरक पडला नाही. प्रशिक्षण घेतलेल्यांनाही पडला नाही. पण जे नियमित पितात आणि शब्दांचं शिक्षण मात्र घेतलेलं नाही, म्हणजे आपल्यातले बहुतेक, त्यांची ओळखण्याची क्षमता वर्णन लिहिल्यावर कमी झाली. जीभ पुढे गेलेली आणि शब्द मागे राहिलेले असले की ओढूनताणून लिहिलेले शब्द खऱ्या चवीच्या आठवणीवर बसतात.

यातून दोन रस्ते निघतात. एक, मित्रासारखं लिहायचंच नाही. दोन, लिहायचं पण तुम्हाला खात्री आहे तेवढंच, तीन शब्द तर तीन. पहिला अर्धा ग्लास नुसता प्या, कागद दुसऱ्या अर्ध्याला काढा. आणि ज्या संध्याकाळी लिहावंसं वाटत नाही त्या संध्याकाळी लिहू नका, कोणी हजेरी घेत नाहीये.

९. महागड्या बाटल्यांच्या नोट्स म्हणजे नुसतं मिरवणंच नाही का?

बरेचदा असतं. ओळखायची खूण सोपी आहे, चार रिकाम्या बाटल्या ओळीत, लेबलं कॅमेऱ्याकडे, आणि खाली 'काय संध्याकाळ!' यात वाइनबद्दल एक शब्द नाही. पण त्याच माणसाने त्याच बाटलीवर नीट लिहिलं तर ते मिरवणं असलं तरी आपल्या कामाचं आहे, कारण ती वाइन आपण कधी विकत घेणार नाही आणि ती कशी लागते हे वाचायला मिळालं. मिरवू दे की, पदरमोड त्याची आहे.

उलट ज्यांच्याकडे अशा बाटल्या खरोखर भरपूर आहेत ते लोक पुष्कळदा गप्प असतात. घरात काय पडलंय ते जगाला कशाला सांगायचं, हे एक. पाहुणे आणि ओळखीचे लोक 'आमच्या वेळी ती नाही उघडलीस' म्हणतात, हे दुसरं. आणि तिसरं, बाटली खरी आहे का याची खात्री नसते. बनावट वाइन विकणाऱ्या रूडी कुर्नियावानचं प्रकरण आठवा. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावातून बर्गंडीतल्या दोमेन पॉन्सो या प्रोड्यूसरच्या क्लो सँ-दनी वाइनच्या १९४५ वगैरे सालच्या बाटल्या मागे घ्याव्या लागल्या, कारण पॉन्सो घराणं ती वाइन १९८० च्या दशकाआधी बनवतच नव्हतं. त्या बाटल्या कुर्नियावानकडून आल्या होत्या. २०१२ मध्ये त्याला अटक झाली, २०१३ मध्ये दोषी ठरला, २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या कितीतरी बाटल्या लोकांनी भक्तिभावाने उघडून प्यायल्या असणार आणि त्यांवर नोट्सही लिहिल्या असणार. म्हणून फार जुन्या, फार दुर्मिळ वाइनची नोट टाकताना बाटली कुठून आली, बनवणाऱ्याकडून थेट की लिलावातून, हे लिहिणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो.

१०. एक छोटा प्रोड्यूसर सापडलाय, भन्नाट आहे. सांगितलं तर भाव वाढतील आणि मलाच मिळणार नाही. गप्प बसू का?

गप्प बसणारे आहेत आणि त्यांचा हिशोब चुकीचा नाही, वर्षाला काही हजारच बाटल्या निघत असतील तर शंभर नवीन गिऱ्हाईकांनी फरक पडतो. पण त्या माणसाला पोट आहे, त्याची वाइन विकली गेली नाही तर पुढच्या वर्षी तो बनवेल का? मी सांगतो, पण त्याच्या गिऱ्हाईकांच्या यादीत माझं नाव पक्कं झाल्यावर. स्वार्थ म्हणा हवं तर.

११. वाइन वाईट लागली तर तेही टाकायचं का? उगाच कोणाचं नुकसान नको.

टाका, पण आधी एक बघा, वाइन वाईट आहे की ती बाटली वाईट आहे.

ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरातल्या कुबट कपड्यांचा वास आला आणि फळ गायब असेल तर तो कॉर्कचा दोष, टीसीए नावाच्या रसायनाचा. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढं असलं तरी नाकाला कळतं. गंमत म्हणजे पहिल्या हुंगण्यात स्पष्ट येतो आणि चौथ्यात नाक मरतं, मग माणूस म्हणतो 'नाही, ठीक वाटतेय', म्हणून पहिल्या वासावर विश्वास ठेवा. अशा बाटलीला मार्क द्यायचे नाहीत, नुसतं 'कॉर्क्ड' लिहायचं. त्यात प्रोड्यूसरच्या वाइनचा दोष नाही आणि सरासरी उगाच खाली येत नाही.

व्हाइट वाइन वयापेक्षा जास्त सोनेरी-तपकिरी, वास सुकलेल्या सफरचंदाचा, तर ऑक्सिडाइज्ड. इथे नोट्सचा खरा उपयोग काय ते दिसतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बर्गंडीच्या चांगल्या चांगल्या व्हाइट वाइन्स वेळेआधीच म्हाताऱ्या व्हायला लागल्या. एकाच पेटीतली एक बाटली सुंदर, दुसरी गेलेली. ज्याच्याकडे एकच बाटली होती त्याला वाटलं आपलं स्टोरेज बिघडलं असेल. जगभरच्या पिणाऱ्यांनी कुठल्या प्रोड्यूसरची, कुठल्या वर्षाची, कितव्या बाटलीला गेलेली निघाली हे लिहून एकमेकांशी ताडून पाहिलं तेव्हा हा एकट्यादुकट्याचा प्रश्न नाही हे कळलं. सगळ्यांनी फक्त चांगल्या बाटल्यांवर लिहिलं असतं तर हे कळायला आणखी कितीतरी वेळ गेला असता.

आणि वाइन निर्दोष आहे पण तुम्हाला आवडली नाही, तर तसंच लिहा. 'मला ओकचा वास इतका आवडत नाही' आणि 'फालतू वाइन' यातला फरक वाचणाऱ्याला कळतो. ब्रेट म्हणजे तबेल्यासारखा वास, काहींना तो चालतो, काहींना ग्लास लांब ढकलावासा वाटतो, तिथे 'वास आला, मला चालला' किंवा 'नाही चालला' एवढं पुरे.

१२. धंद्यातले लोक, म्हणजे सोमेलिए (रेस्टॉरंटमध्ये वाइन सुचवणारे), विक्रेते, बनवणारे, हे नोट्स का टाकत नाहीत? आणि फुकट सॅम्पल मिळालं असेल तर?

कोणाची स्तुती केली की 'विकायची असेल' आणि टीका केली की 'स्पर्धकाची आहे', दोन्हीकडून बोलणी. बहुतेक जण त्यापेक्षा खाजगी वही बरी म्हणतात. परीक्षेची तयारी करणारे तर वेगळंच लिहितात, मास्टर ऑफ वाइन या पदवीच्या परीक्षेत ३६ वाइन्स ब्लाइंड, म्हणजे लेबल न दाखवता, असतात, तिथे नोट म्हणजे पुराव्यानिशी मांडलेला युक्तिवाद असतो की ही अमुक द्राक्षाची अमुक ठिकाणची का. ते ऑनलाइन टाकलं तर वाचवत नाही.

फुकट मिळालं असेल तर पहिल्या ओळीत सांगायचं, शेवटी हॅशटॅगांच्या गर्दीत नाही. अमेरिकेत एफटीसी या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेचे नियमच तसे आहेत, फुकट मिळालेली वस्तूही लपवायची नाही. नियम नसला तरी सांगा, नंतर कळलं की तुमच्या जुन्या सगळ्या नोट्सवरचा विश्वास एकदम जातो.

१३. ऑफिसचे आणि नात्यातले लोक बघतात. मी पितो हे जाहीर करायचं नाहीये.

हेच ते ३ मधलं चौथं कारण. पूर्ण समजण्यासारखं आहे. टोपणनाव घ्या, फोटो टाकू नका, फोन नंबरवरून ओळखीचे लोक शोधणारं सेटिंग बंद करा. अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, तारखेसकट नोट्स म्हणजे तुमच्या पिण्याची डायरी असते. कोणी मोजलं तर कळतं. टेस्टिंगला दहा वाइन्स चाखून थुंकल्या असतील तरी बघणाऱ्याला दहा ग्लासच दिसतात. नकोच असेल तर खाजगी नोट ठेवा, सेलरट्रॅकरवर तशी सोय आहे.

आणि हो, डायरीचा उलटा उपयोगही होतो. स्वतःच्याच नोट्सची संख्या बघून 'जरा जास्त होतंय' हे काही जणांना कळलेलं आहे.

१४. दुसऱ्याच्या घरी प्यायलेल्या वाइनची नोट टाकली तर चालेल?

विचारून. यजमानाने जपून ठेवलेली बाटली तुमच्यासाठी काढली आणि तुम्ही रात्री घरी जाऊन 'उतरलेली वाटली' असं जाहीर लिहिलंत, तर पुढच्या वेळी बोलावणं येणार नाही आणि येऊही नये. कोण होतं, कोणाच्या घरी, हे तर लिहायचंच नाही (९ मधलं पहिलं कारण).

१५. नुसतं वाचायचं आणि स्वतः काही टाकायचं नाही, हा फुकटेपणा नाही का?

नाही हो. वाचणारे नसतील तर लिहिणारे लिहितील कशाला. फक्त एकच परिस्थिती अशी आहे जिथे मी आग्रह करेन, तुमच्याकडे अशी बाटली असेल जिच्यावर गेल्या दोन-तीन वर्षांत कोणीच काही लिहिलेलं नाही. तेव्हा एक ओळ टाका. 'अजून जिवंत आहे' किंवा 'गेली'. चेरी वगैरे नको.

१६. एआयकडून नोट लिहून घेतली तर काय बिघडलं? शब्द तर चांगले येतात.

तुम्ही तीन मुद्दे सांगितले आणि त्याने वाक्य नीट केलं, इथवर ठीक. पण वाइनचं नाव देऊन 'नोट लिही' म्हटलं तर तो त्या प्रकारच्या वाइनवर लोक एरवी जे लिहितात तेच लिहिणार. तुमची बाटली कॉर्क्ड होती हे त्याला कुठून कळणार? अशा नोट्सचा ढीग झाला की २ मधलं दुसरं कारण, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच निकालात निघतं.

१७. तीच वाइन दोनदा प्यालो, दोन नोट्स एकदम उलट आल्या. पहिली डिलीट करू का?

करू नका. दोन्ही ठेवा आणि दोन्हींच्या खाली फरक कशामुळे पडला असेल ते शोधायला उपयोगी पडेल असं लिहा, ग्लास कुठला होता, वाइन किती गार होती (रेड फार गार असली की तुरटपणा पुढे येतो आणि वास दबतो), उघडून किती वेळ झाला होता, बरोबर काय खाल्लं, सर्दी होती का, दोन बाटल्या एकाच ठिकाणाहून घेतल्या होत्या का. पुष्कळदा उत्तर यातच सापडतं. नाही सापडलं तर बाटलीबाटलीत फरक असतो असं समजा, जुन्या वाइनमध्ये तर असतोच.

टायपिंगची चूक, चुकीचं व्हिंटेज, हे जरूर दुरुस्त करा. मत बदललं म्हणून जुनी नोट बदलू नका, नवीन तारखेने नवीन लिहा. आणि तिसरी बाटली असेल तर ती ब्लाइंड उघडा, ७ मध्ये सांगितलंय तसं.